पदक नसले तरी कराटे आहेच

महोदय,

पॅरिसपाठोपाठ लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्येही कराटे नाही, म्हणून हळहळणारे बरेच भेटतात. मला त्याचे फारसे वाईट वाटत नाही. टोकियोत २०२१ मध्ये ‘काता’ (प्रतिस्पर्ध्याशिवाय ठरावीक हालचाली करून दाखवण्याच्या) प्रकाराचे सुवर्ण जिंकणारा ऱ्यो कियुना कराटेचे माहेरघर असलेल्या जपानमधील ओकिनावाचाच. त्याची ऱ्युएई-ऱ्यू शैली तर पिढ्यानपिढ्या एकाच घराण्यात जपली गेलेली. पदक घेताना त्याच्या हातात दिवंगत आईचा फोटो होता.

पण तिथले कराटे पदकांच्या जिवावर कधीच नव्हते. घराला लागून असलेल्या लहानशा दोजोत (सरावाच्या जागेत) साठी ओलांडलेली माणसे वाळू भरलेल्या मातीच्या बरण्यांचे काठ नुसत्या बोटांनी धरून, पाऊल जमिनीला घासत पुढे सरकतात. गुण द्यायला समोर कोणी नसते. ओकिनावाचे कराटेगुरू इतोसू आंको यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ही विद्या शाळेत नेली, तीसुद्धा मुलांची शरीरे घडावीत म्हणून.

आपल्याकडे मात्र अनेक वर्गांत दर तीन महिन्यांनी परीक्षा, फी आणि नवा पट्टा! (फोटोही वेगळे पैसे देऊन.) पालकांनी प्रवेश घेताना काळा पट्टा कधी मिळेल हे विचारू नये, सर स्वतः अजून रोज सराव करतात का, एवढे जरूर विचारावे.

– एक कराटेप्रेमी वाचक, ठाणे