संज्या, गोळी का सोडत नाही ते सांगतो

प्रिय संज्या,

कराडच्या लग्नात तू मला बाजूला घेऊन जे बोललास त्यावर तेव्हा मी गप्प बसलो, पण ते डोक्यातून जात नाहीये. मंगलाष्टकं चालू असताना मी तीनदा लघवीला उठलो, पंगतीत जिलेबी वाढेपर्यंत पुन्हा उठलो, येताना तुला दोनदा गाडी थांबवायला लावली, आणि तू म्हणालास अरे हे टोल्वॅप्टन औषध आहे का शिक्षा, सोड ते, तसंही किडनी बरी होणार नाही म्हणतोस ना. तुझा राग औषधावर होता, माझ्यावर नाही, हे कळतं मला. फोनवर हे सगळं नीट बोलता येत नाही म्हणून आज रविवारी बसून लिहितोय, लांबेल जरा. आणि शेवटी तुझ्याकडे एक कामही आहे.

मला आहे तोच आजार, पॉलिसिस्टिक किडनी, आईला होता हे तुला माहितीच आहे, पण तेव्हा आपण अकरावीत होतो, नक्की काय झालं ते मलाच तेव्हा कळलं नव्हतं. तिची कंबर दुखायची, डोकं दुखायचं, बीपी वाढलेलं असायचं, आणि घरात सगळे म्हणायचे कामाचा ताण आहे. मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणून ती खायची, कित्येक वर्षं, आणि त्या गोळ्या किडनीला किती वाईट ते आम्हाला कुणी सांगितलंच नाही. सोनोग्राफी केली तेव्हा दोन्ही किडन्या पाण्याच्या गाठींनी भरलेल्या. मूठभर असते रे किडनी, तिची नारळाएवढी झाली होती. ४४ व्या वर्षी डायलिसिस सुरू झालं. मग मामा पुढे आला, म्हणाला ताईला माझी एक देतो, आणि तपासणीला गेला तर त्याच्याच दोन्ही किडन्यांमध्ये गाठी. किडनी द्यायला म्हणून गेलेला माणूस पेशंट होऊन घरी आला. त्या दिवशी आजी ओसरीवर बसून होती, संध्याकाळपर्यंत कुणाशी एक शब्द बोलली नाही, तिला वाटलं आपल्याच पोटातून हे आलं. ते आजोबांकडून आलेलं असू शकतं हे तिला सांगायला तेव्हा घरात कुणाला माहीत नव्हतं.

ह्या आजाराचं असंच आहे बघ. आई किंवा बापाकडून एक बिघडलेला जीन आला की बास, दुसरा चांगला असून उपयोग नाही. प्रत्येक मुलाला पन्नास टक्के, मुलगा असो मुलगी असो, दर वेळी नव्यानं नाणेफेक. बहुतेक घरांत बिघाड सोळाव्या क्रोमोसोमवरच्या पीकेडी १ ह्या जीनमध्ये असतो, तो १९९४ मध्ये सापडला, आणि काही घरांत चौथ्या क्रोमोसोमवरच्या पीकेडी २ मध्ये, तो १९९६ मध्ये. दुसऱ्या प्रकारात किडन्या जरा उशिरा थकतात. आपल्या घराण्याला काय लागलंय म्हणून आजीनं किती देवांना नवस केले असतील, आणि त्याचं उत्तर तेव्हा कुठल्यातरी लॅबमध्ये सापडलेलं होतं, फक्त आमच्या गावापर्यंत पोचलं नव्हतं.

आता गोळीचं. तू मागे म्हणालास पाणीच भरपूर पी, औषध कशाला. ते तू उगाच म्हणाला नव्हतास, डॉक्टर लोकांनाही तसंच वाटत होतं. आपल्या शरीरात व्हॅसोप्रेसिन म्हणून एक हार्मोन असतं, ते किडनीला सांगतं पाणी धरून ठेव, वाया घालवू नकोस. निरोगी माणसात हे चांगलंच आहे, पण आमच्या किडनीत त्याच निरोपानं गाठींच्या पेशींमध्ये सायक्लिक एएमपी नावाचं एक रसायन वाढतं, पेशी वाढत राहतात आणि गाठीत पाणी भरत राहतं. म्हणजे शरीर पाणी वाचवायला बघतं आणि गाठी फुगत जातात. मग भरपूर पाणी प्यायलं तर हे हार्मोन दबेल, बरोबर? ऑस्ट्रेलियात त्यावर तीन वर्षं रीतसर अभ्यास केला, १८४ पेशंट घेतले, २०२२ मध्ये निकाल आला, आणि नुसत्या जास्त पाण्यानं गाठींची वाढ काही कमी झाली नाही.

टोल्वॅप्टन वेगळं काम करतं, ते हार्मोनचा निरोप जिथे पोचतो ती जागाच अडवतं. हे जपानमधल्या ओत्सुका कंपनीचं औषध. अमेरिकेत २००९ मध्ये ते आलं ते रक्तातलं सोडियम कमी झालेल्या पेशंटसाठी. पण त्याच्या आधीच, २००३ मध्ये, ह्याच जातीचं एक औषध उंदरांना देऊन गॅटोन आणि मेयो क्लिनिकचे टॉरेस ह्यांनी दाखवलं होतं की गाठींची वाढ मंदावते. मधे २०१० ला ट्रान्सप्लांटच्या पेशंटना देतात त्या औषधांचेही प्रयोग झाले, एव्हरोलिमसनं किडनीचा आकार वाढायचा वेग कमी झाला पण किडनीचं काम घसरायचं तसंच घसरत राहिलं. हे वाचलं तेव्हा मला फार वाईट वाटलं, त्या प्रयोगातल्या लोकांनी किती आशेनं त्या गोळ्या खाल्ल्या असतील.

मग २०१२ मध्ये टोल्वॅप्टनचा मोठा अभ्यास आला. १४४५ पेशंट, तीन वर्षं. किडनीचा आकार साध्या, म्हणजे औषध नसलेल्या, गोळीवाल्यांत वर्षाला साडेपाच टक्के वाढला, औषधवाल्यांत २.८ टक्के. आणि त्याच अभ्यासात औषधवाल्यांपैकी २३ टक्के लोकांनी मधेच गोळी सोडली. का सोडली असेल ते तू लग्नात बघितलंसच. मी त्यांना नावं ठेवत नाही, पण जे टिकले त्यांच्याबद्दल मला काय वाटतं ते शब्दात सांगता येत नाही, माझ्यासारखेच रात्री चार-चारदा उठून त्यांनी तीन वर्षं काढली आणि त्यातून हे आकडे मिळाले, म्हणून आज माझ्या हातात ही गोळी आहे.

आता मुद्दा. तू ज्याला साइड इफेक्ट म्हणतोस ते लघवीला जाणं, तो मुळात साइड इफेक्ट नाहीच. किडनीनं पाणी धरून ठेवू नये हेच तर औषधाचं काम आहे, म्हणजे जे गाठीला अडवतं तेच मला बाथरूमला पळवतं, दोन्ही एकच. हे मॅडमनी, म्हणजे आमच्या किडनीच्या डॉक्टरनी, कागदावर चित्र काढून समजावलं तेव्हापासून माझी चिडचिड निम्मी कमी झाली. पहिल्या महिन्यात मी मोजलं होतं, दिवसाला सहा लिटर. शाळेत शिकवायचं कसं, एसटीत बसायचं कसं, रात्री झोपायचं कसं. बायको पण झोपेतून उठायची, सकाळी तिचे डोळे लाल.

मग हळूहळू बसवलं सगळं. सकाळी साडेपाचला ३० ची एक आणि १५ ची एक, दुपारी दीडला १५ ची एक, मधे आठ तास. पहाटे घेतली की पहिला जोर शाळा भरायच्या आधी आणि पहिल्या एक-दोन तासांत निघून जातो. दुपारची उशिरा घेतली की रात्र गेलीच, लग्नात तेच झालं, घाईत दीडची गोळी चारला घेतली. सगळ्यात मोठा फरक मिठानं पडला हे खरं वाटणार नाही तुला. शरीरातलं मीठ बाहेर टाकायला पाणी लागतं, मीठ कमी खाल्लं की तेवढी लघवीच कमी. लोणचं, पापड, फरसाण बंद, ठेचा बिनमिठाचा करून त्यात लिंबू पिळतो, सहाचे साडेचार लिटर झाले. वर्गात पाण्याची बाटली सोबत असते आणि तहान लागली की लगेच प्यायचं, थांबायचं नाही, कारण पाणी कमी पडलं तर रक्तात सोडियम वाढतं, ते धोक्याचं. म्हणून आषाढीचा निर्जळी उपवास सोडला, आईच्या वेळेपासून धरत होतो, वाईट वाटलं. गणपतीत तुझ्या आईनं कोकणातून आलेलं पपनस दिलं होतं ते मी न खाता घरी नेलं, त्यांना वाटलं मला आवडलं नाही, त्यांना सांग, ग्रेपफ्रूट आणि त्याच्या जातीची फळं खाल्ली की हे औषध रक्तात जास्त चढतं, म्हणून चालत नाही.

आणि जिथे पाण्याची आणि बाथरूमची खात्री नाही तिथे गोळी घ्यायचीच नाही, हे पण मॅडमनी सांगितलंय. उलट्या-जुलाब झाले तरी तेच, गोळी थांबवायची आणि फोन करायचा. २०२४ च्या विधानसभेला माझी ड्युटी लागली, आदल्या दिवशी पेट्या घेऊन जायचं, रात्री बूथवरच मुक्काम, डोंगरातलं गाव. मी आधीच विचारून ठेवलं आणि ते दोन दिवस गोळी बंद ठेवली. असं ठरवून थांबवणं वेगळं आणि वैतागून सोडणं वेगळं.

खरी भीती लिव्हरची आहे, आणि ती मी तुला आजपर्यंत सांगितली नव्हती. त्या २०१२ च्या अभ्यासातच दिसलं होतं की शंभरातल्या चार-पाच जणांचं लिव्हरचं एन्झाइम नॉर्मलच्या तिपटीवर गेलं, साध्या गोळीवाल्यांत साधारण एकाचं. म्हणून रक्त तपासत राहायचं, सुरुवातीला दोन आठवड्यांनी, मग चार आठवड्यांनी, मग दीड वर्ष दर महिन्याला, त्यानंतर तीन महिन्यांनी. कंटाळा करायचा नाही, कारण लिव्हरचं आधी काही दुखत-खुपत नाही, रिपोर्टमध्येच दिसतं. डिसेंबरात माझा एसजीपीटी, म्हणजे तेच लिव्हरचं एन्झाइम, ९८ आला, लॅबची वरची मर्यादा ४०. मला काहीच होत नव्हतं, भूक चांगली, काम चालू. मॅडमनी त्याच दिवशी गोळी बंद करायला सांगितली, तीन दिवसांनी परत रक्त. ते तीन दिवस मी आरशात डोळे बघत होतो पिवळे झालेत का. कुणीतरी दिलेला लिव्हरचा काढा पण घरात येऊन पडला होता, तो मी घेतला नाही, एक औषध लिव्हरला त्रास देतंय का ते शोधताना दुसरं आत ढकललं तर कुणाला काय कळणार. दुसऱ्या रिपोर्टला ९१, मग ६०, मग दीड महिन्यानं ३४. फेब्रुवारीत कमी डोसवर परत सुरू केली आणि सुरुवातीला दर आठवड्याला रक्त. आता पूर्ववत आहे. परत वाढला तर कायमची बंद करावी लागेल, तेव्हा मी हट्ट करणार नाही, हे लिहून देतो.

मग एवढं करून मिळतं काय, हा तुझा खरा प्रश्न. रक्तातलं क्रिएटिनिन, जे किडनी थकली की वाढतं, ते माझं कमी होणार नाही, गाठी विरघळणार नाहीत. एमआरआयवरून आजाराचे पाच गट करतात, ए ते ई, मी डी मध्ये, म्हणजे भराभर वाढणाऱ्यांत, म्हणून तर औषध दिलं, हळू वाढणाऱ्याला देत नाहीत. २०१७ चा अभ्यास माझ्यासारख्यांवरच होता, ज्यांच्या किडन्या आधीच थकल्यात. तिथे जीएफआर, म्हणजे किडनी किती रक्त गाळते त्याचा आकडा, वर्षाला गोळीशिवाय ३.६१ नं घसरला, गोळीनं २.३४ नं. माझा आज ५२ आहे. मी पाटीवर गणित मांडलं, दहापर्यंत, म्हणजे डायलिसिसच्या आसपास, खाली यायला गोळीशिवाय साडेअकरा वर्षं, गोळीनं जवळजवळ अठरा. सरासरीचा हिशोब आहे, माझ्या बाबतीत तंतोतंत तसं होईल असं नाही, हे मला कळतं. पण मनू आता सहा वर्षांची आहे संज्या. साडेअकरा वर्षांनी ती बारावीत असेल, म्हणजे मी साधारण आईच्या वेळी होतो तेवढी. अठरा वर्षांनी ती चोवीस वर्षांची, स्वतःच्या पायावर उभी. ह्या साडेसहा वर्षांसाठी मी रोज रात्री दोनदा उठायला तयार आहे.

आता काम. माझा भाऊ विन्या पुण्यात तुझ्यापासून दोन स्टॉपवर राहतो आणि अजून सोनोग्राफी करत नाही. एकतीस पूर्ण झाला. स्थळं येतायत, आणि त्याला वाटतं काही निघालं तर कोण मुलगी देईल, इन्शुरन्सवाले काय म्हणतील, त्यापेक्षा माहीतच नको. मी बोललो की चिडतो, म्हणतो तू घाबरवतोस. त्याची भीती खोटी नाही, लोक तसं वागतात, आमच्या मामेबहिणीचं जमलेलं लग्न ह्यावरूनच मोडलं. पण लपवून लग्न करायचं हे मला पटत नाही, आणि बीपी न तपासता तो जिमला जातो, अंग दुखलं की दुखण्याच्या गोळ्या खातो, अगदी आईसारखं, हे मला बघवत नाही. त्याच्या वयात सोनोग्राफी स्वच्छ निघाली तर जवळजवळ सुटलाच म्हणायचं, आणि गाठी दिसल्या तरी नुसतं बीपी आटोक्यात ठेवून पण किती फरक पडतो. माझ्या किडन्या थकायला लागल्यावर मला कळलं, त्याला आता कळलं तर किती आधी.

तुझं तो ऐकतो, लहानपणापासून. उपदेश करू नकोस, नुसता शनिवारी सकाळी जा, उपाशीपोटी चल म्हण, मला पण करायचीय म्हण आणि खरंच कर. रिपोर्ट हातात येईपर्यंत त्याच्याबरोबर थांब, एकट्यानं पाकीट उघडू देऊ नकोस. आणि काही असलं तर मला लगेच फोन कर, मी पुढच्या एसटीनं निघतो, दीडच्या गोळीची काळजी करू नकोस.

काकूंना नमस्कार, आणि पपनसाचं सांग नक्की.

तुझा,
दिल्या