'घेतल्याशिवाय' ते 'आल्याशिवाय'

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पालिकेच्या निवडणुकीचा प्रचार संपून बरेच दिवस झाले, तरी 'ताई, माई, अक्का, विचार करा पक्का' काही माझ्या डोक्यातून जायला तयार नाही. आमच्या इमारतीच्या कोपऱ्यावर सिग्नल आहे. प्रचाराची रिक्षा तिथे थांबली की पुढचे 'अमक्यावर मारा शिक्का' आम्हाला तीन-तीनदा ऐकावे लागे. या शिक्क्याचे मला फार नवल वाटते. 2004 च्या लोकसभा निवडणुकीत सगळ्या मतदारसंघांत यंत्रे आली. ज्यांनी जन्मात मतपत्रिका पाहिलेली नाही, अशांची अख्खी पिढी आता मतदार झाली आहे. पण 'बटण दाबा'चे 'अक्का'शी यमक जुळत नाही, म्हणून शिक्का टिकून आहे! शिवाय आधी 'विचार करा' म्हणायचे आणि पुढच्याच ओळीत उत्तर सांगून मोकळे व्हायचे. अक्काने विचार करायचा तो नेमका कधी?

मी घोषणांच्या विरोधात नाही. माझे बालपण गिरणगावात गेले, वडील गिरणीत साचेवाले होते. 'कोण म्हणतो देणार नाही, घेतल्याशिवाय राहणार नाही' ही घोषणा मी पाढ्यांच्याही आधी शिकलो. 1982 च्या संपानंतर पदरात काय पडले ते सगळ्यांना ठाऊक आहे, तरी ती घोषणा आठवली की अजून अंगावर काटा येतो. त्याआधीची 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' तर वडिलांच्या तोंडी होती. त्या 'झालाच'मधल्या 'च'मध्ये जे बळ होते, ते आजच्या भोंग्यांच्या भिंतींत नाही. या घोषणांमध्ये काहीतरी मागितलेले होते, आणि ते कोणाकडे मागायचे हेही स्पष्ट होते.

आता ऐकू येते ते 'कोण म्हणतो येणार नाही, आल्याशिवाय राहणार नाही'. चाल तीच, ठेका तोच, बदलले फक्त क्रियापद. तेव्हा घेणारे आम्ही होतो, आता येणारे ते आहेत. आम्हाला काय मिळणार, हा भाग मधल्या मध्ये गळाला. 'येऊन येऊन येणार कोण, अमक्याशिवाय आहेच कोण' ही तर मतदाराच्या तोंडावर मारलेली चपराक आहे. तुम्हाला दुसरा कोणी मिळणार नाही, गुपचूप घ्या पदरात. आणि 'भाऊ, तुम आगे बढो, हम तुम्हारे साथ हैं' म्हणताना अस्सल मराठी कार्यकर्ता एकदम हिंदीत का शिरतो, हे कोडे मला आजवर सुटलेले नाही.

यात सगळे पक्ष सारखेच. 2019 मध्ये 'मी पुन्हा येईन'ने वात आणला. 2022 मध्ये विधानभवनाच्या पायऱ्यांवर 'पन्नास खोके, एकदम ओके' निघाली. यमक फक्कड होते, पहिल्या दिवशी मीही हसलो. मग ती पोळ्याच्या बैलांच्या अंगावर रंगवली गेली, शेजारच्या पोरांच्या तोंडी बसली, आणि मूळ आरोपाचे गांभीर्य त्या ठेक्यात पार विरघळून गेले. 2024 ला आधी 'चारशे पार' (भाजपच्या जागा आल्या 240), आणि विधानसभेच्या तोंडावर उत्तरेकडून 'बटेंगे तो कटेंगे'. महायुतीतल्याच एका नेत्याने ती इथे चालणार नाही, असे जाहीर सांगितले, पण तोवर ती सगळीकडे वाजून झाली होती. घाबरवायचेच असेल, तर निदान आमच्या भाषेत तरी घाबरवा.

खेळाच्या मैदानावर सुटका होईल म्हणावे, तर तिथे वेगळाच छळ. मागे नातवाबरोबर वीस षटकांच्या स्पर्धेतला एक सामना पाहायला गेलो. दोन चेंडूंच्या मध्ये भोंग्यातून तुतारी वाजते आणि हजारो माणसे एका सुरात ओरडतात. चेंडू सोडला की फटकावला, याच्याशी त्या ओरडण्याचा काही संबंध नसतो. वर निवेदक दटावतो, 'आवाज कमी आहे!' तिकीट आम्ही काढले आणि काम मात्र आमच्याकडूनच करून घेतात. 2013 च्या नोव्हेंबरात वानखेडेवर तेंडुलकरची शेवटची कसोटी होती. तेव्हाचे ते 'सच्चिन, सच्चिन' कोणी भोंग्यावरून शिकवले होते?

सर्वांत जास्त राग येतो तो कबड्डीवरच्या 'ले पंगा'चा. अहो, ज्या खेळाचे नावच मुळी चढाईपटूच्या तोंडची घोषणा आहे, त्याला वेगळी घोषणा हवी कशाला? प्रभादेवी-लालबागच्या मैदानांवर दम धरलेल्या पोराची 'कबड्डी, कबड्डी' शेवटच्या रांगेत ऐकू यायची. आवाज फाटू लागला की समजायचे, आता हा मध्यरेषेकडे पळणार. संगीताच्या दणदणाटात ते ऐकणेच संपले.

एका घोषणेला मात्र मी माफ केले आहे. आयपीएलमधल्या बंगळूरुवाल्यांची 'ई साला कप नमदे', म्हणजे यंदा कप आपलाच. वर्षानुवर्षे कप हुकत राहिला, तशी लोकांनी तिची टिंगल केली आणि बंगळूरुकर स्वतःही हसले. शेवटी 18 व्या मोसमात, 2025 ला, तो आला. स्वतःवर हसता येणारी घोषणा आपल्या एखाद्या पक्षाकडे असेल, तर कृपया कळवावे.

एक विनंती आपल्यालाही आहे. सभेतली घोषणा बातमीचा मथळा म्हणून छापू नका. भोंगे रात्री दहाला बंद होतात; मथळा सकाळी चहाबरोबर पुन्हा समोर येतो. त्याऐवजी त्या सभेत पाणी, कचरा, शाळा यांपैकी कशावर किती मिनिटे बोलले गेले, तेवढे छापा. चौकट लहानशीच लागेल.

आपला,
एक जुना वाचक, दादर

ता. क. : हे पत्र नातीला वाचून दाखवले. ती म्हणाली, "आजोबा, आमच्या वर्गात पण घोषणा आहे. 'आवाज कुणाचा? सहावी ब चा!'" मी विचारले, कशासाठी देता? "असंच. बाई वर्गात नसल्या की."