बारक्या पेनड्राइव्हच्या पाकिटावर लिहिण्याचा वेग आणि तापमान छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वेंगुर्ल्यात आमचा फोटो-व्हिडिओचा स्टुडिओ आहे. लग्न, मुंज, वाढदिवस, दशावताराचे प्रयोग, डबलबारी भजनांचे सामने यांचं शूटिंग करतो. सीडी-डीव्हीडी आता कुणाच्या घरी चालत नाही, त्यामुळे सगळं काम पेनड्राइव्हवरच द्यावं लागतं. अलीकडे गिऱ्हाईक लांब पेनड्राइव्ह घेतच नाही. नखाएवढा बारका द्या म्हणतात. टीव्हीला किंवा गाडीला लावला की बाहेर दिसत नाही, धक्का लागून मोडत नाही. त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. पण या बारक्या पेनड्राइव्हच्या पाकिटावर जे छापायला हवं ते छापलेलं नसतं, आणि त्याचा फटका आम्हाला आणि गिऱ्हाइकांना, दोघांनाही बसतो. म्हणून हे पत्र.

पाकिटावर मोठ्या अक्षरात एकच वेग असतो आणि त्याच्या आधी ‘अप टू’ लिहिलेलं असतं. तो वाचण्याचा वेग. लिहिण्याचा वेग बहुतेक वेळा नसतोच. शेजारी ‘यूएसबी ३.२ जेन १’ असं असतं आणि दुकानदार ते नवीन म्हणून दाखवतो. २००८ साली आलेलं यूएसबी ३.० हेच पुढे ३.१ जेन १ झालं आणि मग ३.२ जेन १. तिन्हींची मर्यादा एकच, सेकंदाला ५ गिगाबिट. तीही जोडणीची मर्यादा आहे. आतली मेमरी त्या वेगाने लिहू शकते असा तिचा अर्थ होत नाही.

प्रत्यक्षात काय होतं ते सांगते. लग्नाचं पूर्ण काम १०० जीबीच्या आसपास जातं. बारक्या पेनड्राइव्हवर कॉपी लावली की सुरुवातीला वेग सेकंदाला १०० एमबीच्या जवळपास दिसतो, म्हणजे पाव तासात काम उरकेल असं वाटतं. थोडे जीबी गेले की वेग धाडकन पडतो, १५-२० एमबीवर येतो आणि तिथेच राहतो. मग त्याच कामाला दीड-दोन तास लागतात. दारात वऱ्हाडाची गाडी उभी असते, मुंबईला परतायची घाई असते, आणि माणसं आमच्या तोंडाकडे बघत बसतात.

याला दोन वेगवेगळी कारणं आहेत आणि ती वेगळी ओळखता येतात. पहिलं कारण मेमरीच्या रचनेचं. स्वस्त आणि मोठ्या क्षमतेच्या पेनड्राइव्हमध्ये मेमरीच्या एका पेशीत, म्हणजे माहिती साठवायच्या सूक्ष्म कप्प्यात, ३ बिट साठवतात, काहींत ४. असं दाटीवाटीने लिहायला वेळ लागतो. म्हणून बऱ्याच पेनड्राइव्हमध्ये कंट्रोलर, म्हणजे मेमरीचा कारभार बघणारी चिप, सुरुवातीचा डेटा एका राखीव भागात पेशीमागे १ बिट असा पटापट उतरवतो. तो भाग भरला की खरा वेग उघडा पडतो. दरवेळी साधारण तितक्याच जीबीनंतर वेग पडत असेल तर समजावं की हे कारण आहे.

दुसरं कारण उष्णता. यूएसबी ३ च्या पोर्टमधून ५ व्होल्टला ९०० मिलिअँपिअरपर्यंत, म्हणजे साडेचार वॅटपर्यंत वीज घेता येते. पेनड्राइव्ह तेवढी घेत नाही, पण एखादा वॅटसुद्धा एवढ्याशा जिवाला पुष्कळ होतो. लांब पेनड्राइव्हचं अंग बाहेर हवेत असतं. बारक्याचं जवळजवळ सगळं अंग पोर्टच्या आत जातं, आणि पोर्टच्या आतला लॅपटॉप एडिटिंग करून आधीच तापलेला असतो. उष्णता जायची कुठे? तापमान वाढलं की चांगला कंट्रोलर स्वतःहून वेग कमी करतो, मेमरी जपण्यासाठी. कॉपी थांबवून पेनड्राइव्ह गार होऊ दिला आणि वेग परत चढला, तर कारण उष्णतेचं. आमच्याकडे यावर साधा उपाय चालतो: वीतभर लांबीची यूएसबी एक्स्टेन्शन केबल लावायची, पेनड्राइव्ह लॅपटॉपपासून लांब टेबलावर ठेवायचा आणि वर पंखा. केबल मात्र यूएसबी ३ चीच घ्यावी, नाहीतर वेग जुन्या यूएसबी २ च्या पातळीवर उतरतो.

हे चटके मेमध्ये जास्त बसतात. दमट हवेमुळे आपल्या अंगाची जी काहिली होते, ती चिपला होत नाही. तिला घाम नाही, ती फक्त हवेचं तापमान ओळखते. पण बंद स्टुडिओत ३५ अंश असेल तर चिपच्या तापण्याची सुरुवातच ३५ वरून होते. एक आजी तर पेनड्राइव्ह टीव्हीतून काढून थेट माझ्या हातावर ठेवून म्हणाल्या, “गो बाय, हो एवढो तापता कित्याक? जळात मगो!” त्यांचा पेनड्राइव्ह धातूच्या अंगाचा होता. असा हाताला गरम लागला म्हणजे तो खराब आहे असं नव्हे. धातू आतली उष्णता बाहेर आणून टाकतो म्हणून बोटांना चटका बसतो. प्लॅस्टिकचा गार लागतो, पण आत चिप तितकीच किंवा जास्त तापलेली असू शकते. मला विचाराल तर बारका घ्यायचाच असेल तर धातूचाच घ्यावा.

जाता जाता एक त्रास सांगून ठेवते, कारण त्यासाठी लोक माऊस बदलत बसतात. बरेच वायरलेस माऊस २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ पट्ट्यात चालतात आणि यूएसबी ३ च्या जोडणीतून त्याच पट्ट्यात गोंगाट होतो; इंटेलने २०१२ मध्येच त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला आहे. वायरलेस माऊसचं रिसीव्हर बारक्या पेनड्राइव्हच्या शेजारच्या पोर्टमध्ये असेल तर माऊस अडखळतो. दोघांना लांब लांब लावा, बरं होतं.

आता टिकाऊपणा. पेशीमागे १ बिट साठवणारी मेमरी लाखाच्या आसपास वेळा लिहिता येते, ३ बिटची साधारण १ ते ३ हजार वेळा, ४ बिटची त्याहून कमी. लग्नाच्या व्हिडिओला या आकड्याने काही फरक पडत नाही, तो एकदाच लिहिला जातो. दिवसरात्र रेकॉर्डिंग करणाऱ्या कॅमेऱ्याला बारका पेनड्राइव्ह लावून ठेवणाऱ्यांनी मात्र हा आकडा बघावा.

आमच्या गिऱ्हाइकांचा प्रश्न वेगळा आहे: एकदा लिहिलेलं किती वर्षं राहील? फ्लॅश मेमरीत माहिती म्हणजे पेशीत अडकवून ठेवलेला विद्युतभार. तो वर्षानुवर्षं हळूहळू झिरपत जातो आणि उष्णतेत हे झिरपणं वेगाने होतं. पेशी जितकी दाट भरलेली आणि जितकी जास्त वापरलेली, तितकी ती लवकर चुकते. एसएसडीसाठी, म्हणजे संगणकातल्या फ्लॅश मेमरीच्या डिस्कसाठी, जेडेक या चिपची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचा निकष आहे. घरगुती वापराच्या एसएसडीने आपली लेखनमर्यादा संपल्यावरही, वीज नसताना, ३० अंशांत १ वर्ष माहिती धरून ठेवली पाहिजे. नवीन एसएसडी वर्षभरात कोरी होते असा याचा अर्थ नाही, नव्याची मुदत कितीतरी जास्त असते. पण तो निकष ३० अंशांचा आहे हे आपण लक्षात घ्यावं. आमच्या माळ्यावर, कौलांखाली, उन्हाळ्यात दिवसा तापमान ३० अंशांच्या पुष्कळ वर जातं. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत तर ६० अंश सहज होतात, आणि गाण्यांचा पेनड्राइव्ह वर्षभर तिथेच असतो. गाणी गेली तर परत भरता येतात. लग्न परत भरता येत नाही.

एका कुटुंबाचं उदाहरण देते. वडील दशावतारात काम करायचे. त्यांच्या जुन्या प्रयोगांच्या व्हिडिओ कॅसेट मुलांनी दुसरीकडून डिजिटल करून घेतल्या. करून देणाऱ्याने सगळं एका बारक्या पेनड्राइव्हवर दिलं आणि कॅसेट आता ठेवू नका असा सल्लाही दिला. कॅसेटना बुरशी आलीच होती, त्या टाकल्या गेल्या. पेनड्राइव्ह टीव्हीच्या मागच्या गरम पोर्टमध्ये काही वर्षं बसून होता. मग एक दिवस टीव्हीने तो फॉरमॅट करायचा का असं विचारलं. नशिबाने घरच्यांनी ‘हो’ दाबलं नाही आणि तो आमच्याकडे आणला. काही फायली निघाल्या. एका प्रयोगाचा पूर्वरंग आला, आख्यान आलं नाही.

इथे बारक्या पेनड्राइव्हची एक गोष्ट लोकांना माहीतच नसते. जुन्या लांब पेनड्राइव्हमध्ये कंट्रोलर आणि मेमरी या वेगळ्या चिप असतात. कंट्रोलर गेला तरी मेमरी उपटून, यंत्रावर वाचून डेटा काढता येतो. बारक्यात बहुधा दोन्ही एकाच ठोकळ्यात ओतलेले असतात. तो मेला तर वरचा लेप खरवडून, बिंदूंएवढ्या जागांवर केसासारख्या तारा जोडून काम करावं लागतं. त्यासाठी मुंबई-पुण्याला पाठवायचं, भरपूर पैसे मोजायचे, आणि तरी खात्री कुणीच देत नाही.

याच रचनेचा फायदाही आहे, तोही सांगायला हवा. एकसंध ठोकळा असल्याने पाणी आत शिरत नाही. खिशात राहून धुतला गेलेला बारका पेनड्राइव्ह नीट वाळवल्यावर बहुधा चालू होतो. बंदरावर ट्रॉलरच्या म्युझिक सिस्टिमला लोक हेच लावतात ते त्यामुळेच. समुद्रात पडला तर मात्र तसाच वाळवू नये. आधी गोड्या पाण्याने धुवावा, पूर्ण वाळवावा, मगच लावावा, नाहीतर मिठाचा थर पट्ट्यांवर बसतो. आपल्याकडे पाण्यात न पडताही खारं वारं ते काम करतंच. सोनेरी पट्ट्यांच्या कडेला हिरवट झाक दिसली की इअरबडवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन हलक्या हाताने पुसावं. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा.

माझं मागणं सोपं आहे. प्रत्येक पेनड्राइव्हच्या पाकिटावर तीन गोष्टी ठळक छापाव्यात. राखीव भाग भरल्यानंतरचा सलग लिहिण्याचा वेग. वापरण्याचं आणि ठेवण्याचं तापमान, किती अंशांपर्यंत. मेमरी कोणत्या प्रकारची आहे आणि वीज नसताना माहिती किती काळ राहील. वापराचं तापमान काही उत्पादक संकेतस्थळावर देतात. मग ते पाकिटावर द्यायला काय हरकत आहे? २०११ च्या वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियमांनुसार पाकिटावर उत्पादकाचं नाव-पत्ता, प्रमाण आणि कमाल किरकोळ किंमत द्यावीच लागते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने वस्तूचा दर्जा आणि क्षमता कळण्याचा हक्क ग्राहकाला दिला आहे. ज्या वस्तूचं कामच लिहून घेणं आणि जपून ठेवणं आहे, तिच्यावर लिहिण्याचा वेग आणि जपण्याची मुदत नसावी, हे कोणत्या न्यायाने? वैधमापन शास्त्र यंत्रणेने आणि ग्राहक पंचायतीच्या जिल्ह्यातल्या कार्यकर्त्यांनी हा विषय हाती घ्यावा. कागदपत्रं, पाकिटं, कॉपीच्या वेगाचे फोटो, जे लागेल ते मी द्यायला तयार आहे.

कोकणातल्या माझ्या व्यवसायबंधूंना आणि भगिनींनाही विनंती आहे. काम देताना गिऱ्हाइकाला बारका पेनड्राइव्ह जरूर द्या, टीव्हीवर बघायला तो सोयीचाच आहे. पण त्याच वेळी दुसरी प्रत हार्ड डिस्कवर घ्यायला लावा, आणि बिलावर छापा की हा पेनड्राइव्ह बघण्यासाठी आहे, जपून ठेवण्याची प्रत वेगळी घ्यावी. जुन्या कॅसेट डिजिटल करून देणाऱ्यांनी, दोन ठिकाणी प्रती झाल्या आणि त्या पूर्ण चालवून बघितल्या याची खात्री होईपर्यंत, मूळ कॅसेट टाकायला कुणालाही सांगू नये.

आपली नम्र,
एक स्टुडिओचालक,
वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग