दूध संस्थेचा हिशेब आणि छोटे स्टार्टअप

संपादक महोदय,

मोठ्या कंपन्यांपुढे छोट्या सॉफ्टवेअर स्टार्टअपचा टिकाव कसा लागणार, असे विचारले जाते. उत्तर हवे असेल तर एखाद्या गावातल्या दूध संस्थेचे संकलन केंद्र सकाळी सहाला पाहा. काटा किलोत मोजतो, दर मात्र लिटरला. दुधाची घनता साधारण 1.03, म्हणजे 100 किलो दूध जेमतेम 97 लिटर भरते.

त्याहून नाजूक प्रकरण एसएनएफचे, म्हणजे दुधातल्या फॅटखेरीज इतर घन घटकांचे. गायीच्या दुधाचा मूळ दर 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफला धरतात. त्याखाली कपात सुरू. यंत्राने 8.46 दाखवले की मोठ्या कंपनीचे तयार सॉफ्टवेअर पॅकेज बिनदिक्कत 8.5 धरू शकते. संस्थेकडून दूध घेणाऱ्या संघाने पुढचा अंक सोडून 8.4 धरला, तर उत्पादकाला पूर्ण दर आणि संस्थेच्या पदरी कपात. ही मेख केंद्रावर बसणाऱ्यालाच कळते आणि तिथेच छोटी कंपनी बाजी मारते. पशुखाद्याची उधारी बिलापेक्षा जास्त झाली, तर बाकी पुढच्या बिलात ओढायची, हेही तिला सांगावे लागत नाही.

संस्थांना कळकळीची विनंती : सॉफ्टवेअर घेण्याआधी मागच्या दहा दिवसांचे बिल त्यात भरून जुन्या वहीशी पैशापर्यंत ताडून पाहा.

– एक वाचक, संगमनेर