जेर्डन डॉक्टर आमच्या जालन्यात राहून गेला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत पक्ष्यांच्या नावांवरचा लेख वाचला. त्यात थॉमस जेर्डनचा उल्लेख एका ओळीत उरकलाय, की पक्षी मारून त्यांना स्वतःचं नाव देणारा एक गोरा साहेब. ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. पक्षी त्याने मारले हे खरं, पण स्वतःचं नाव दिलं हे साफ चूक. ज्या पक्ष्याला आज आपण जेर्डनचा धाविक म्हणतो त्याचं शास्त्रीय नाव १८४८ मध्ये कलकत्त्याच्या संग्रहालयातल्या एडवर्ड ब्लाइथने ठेवलं, बायटॉरक्वाटस, म्हणजे गळ्याखाली दोन पट्टे असलेला. जेर्डनने फक्त नमुना मिळवून दिला होता, त्याचं नाव लोकांनी नंतर जोडलं.

मी जालन्यात २९ वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, आता रिटायर झालोय. जेर्डनची पुस्तकं स्कॅन होऊन नेटवर फुकट मिळतात, मुलाने टॅबवर काढून दिली आणि मी सहज आपल्या गावाचं नाव जुन्या स्पेलिंगने शोधलं तर सापडतच गेलं. हा माणूस १८११ चा, जन्म इंग्लंडात डरहॅमकडचा, शिकला एडिंबरोला, १८३६ मध्ये मद्रासला उतरला आणि पुढच्याच वर्षी घोडदळाच्या पलटणीचा डॉक्टर झाला, ती पलटण जालन्याच्या छावणीत होती. म्हणजे आम्ही ज्या रस्त्याने रोज भाजी आणायला जातो तिथे कुठेतरी हा डॉक्टर दुपारी पक्ष्यांची कातडी सोलून वाळवत बसला असणार, हे मला साठी उलटल्यावर कळलं, शाळेत असताना माहीत असतं तर पोरांना किती रंगवून सांगितलं असतं.

सुरुवातीला त्याने जमवलेले पक्षी ओळख पटवायला स्कॉटलंडातल्या विल्यम जार्डिन या पक्षीतज्ज्ञाकडे पाठवले. जहाजाने एवढ्या लांब गेले, पोचेपर्यंत सगळ्यांना कसर लागली. लोकरीच्या शालीला कसर लागली तरी आपण हळहळतो, इथे तर महिनोन्महिन्यांची मेहनत गेली. तेव्हापासून त्याने ठरवलं की इथेच बसून आपणच ओळखायचं, आणि माझ्या मते तोच त्याच्या आयुष्यातला खरा टप्पा, कारण त्यातूनच १८३९-४० ची दक्षिणेतल्या पक्ष्यांची यादी झाली आणि शेवटी १८६२ ते ६४ मध्ये द बर्ड्स ऑफ इंडिया आलं, हजारावर जातींचं वर्णन असलेलं, त्यासाठी व्हाइसरॉय लॉर्ड कॅनिंगने त्याला खास ड्युटीवर मोकळं केलं होतं. मुंग्यांवरही त्याने १८५१ मध्ये लिहिलं, त्यातली उड्या मारणारी मुंगी आज जगभरच्या लॅबमध्ये अभ्यासतात. नंतर १८७२ मध्ये लंडनला वारला.

पण माझं म्हणणं वेगळं आहे. हे सगळं त्याने एकट्याने केलं का? नेल्लोरला सिव्हिल सर्जन असताना त्याला प्राणी दाखवले, आणून दिले ते तिथल्या यानादी आदिवासींनी. १८४३ ते ४७ दरम्यान त्याने ५० रंगीत चित्रांचा ग्रंथ काढला, त्यातली चित्रं आपल्याकडच्या चित्रकारांनी काढलेली. ती झूम करून पाहिली की पिसाची एकेक रेघ दिसते, केसाइतका बारीक ब्रश असणार. तुमच्या लेखकाला अन्यायच दाखवायचा होता तर तो इथे आहे, जेर्डनचं नाव शंभर ठिकाणी आणि या लोकांचं कुठेच नाही. जेर्डनचं नाव खोडून हे भरून येणार नाही, त्याच्या शेजारी या लोकांबद्दल लिहावं लागेल.

धाविकाचंही तेच झालं. १९०० च्या सुमाराला अनंतपूरजवळ दिसल्यावर पुढे ८६ वर्षं तो कुणालाच दिसला नाही, संपला असंच धरून चालले होते. मग मुंबईच्या बीएनएचएसचे, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे लोक आंध्रात कडप्पाच्या गावोगाव चित्र दाखवत फिरले आणि जानेवारी १९८६ मध्ये एका गावकऱ्याला तो रात्री टॉर्चच्या उजेडात सापडला. सालिम अलींच्या हयातीत सापडला याचा मला फार आनंद वाटतो. पक्षी रात्रीचा, दिवसा काटेरी झुडपांत बसून राहणारा, त्यामुळे बंदूकवाल्या साहेबांना दिसला नाही यात नवल नाही, पण रात्री रानात फिरणाऱ्याला तो माहीत होता.

आणि त्याच जागेतून तेलुगू गंगा कालवा चालला होता. चेन्नईला जाणारं ते पाणी कृष्णेचं, आपल्या महाबळेश्वरातून निघणाऱ्या, त्यात ५ टीएमसी (अब्ज घनफूट) महाराष्ट्राच्या वाट्याचं. पक्षीवाल्यांनी आरडाओरडा केला म्हणून कालव्याचा मार्ग बदलला, नाहीतर आपल्याच पाण्याखाली त्याचं घर गेलं असतं. हे तुमच्या पुरवणीत यायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

शेवटी आमच्या गावाचं एक. सस्तन प्राण्यांवरच्या पुस्तकात जेर्डन लिहितो की काळविटांचे हजारोंचे कळप जिथे जमतात त्या जागांमध्ये जालन्याचा परिसर येतो. हजारोंचे! मी ते वाक्य दोनदा वाचलं. मागच्या थंडीत आम्ही चौघं पहाटे साडेपाचला दुचाक्या घेऊन गेलो, तुरीच्या कडेला बांधावर उभे राहिलो, धुकं होतं. आधी पिळदार शिंगंच दिसली, मग काळी पाठ, मग मागे माद्या. पिल्लू धरून एकूण अकरा. शेतकरी आला, म्हणाला गुरुजी, हरभरा खातात हो, पण रोज बघायची सवय झालीय, नाही आली की चुकल्यासारखं वाटतं.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक, जालना