पापड खपले, पैसे कुठे?

महोदय,

मी पंचवटीत सात वर्षे पापड-कुरडया करून विकते. सुरुवातीला हिशेबात फक्त उडीद, मसाला धरायचे. गॅस, पिशव्या, वाहतुकीत मोडलेले पापड नि स्वतःची मजुरी विसरायचे. खप वाढला, पैसा दिसेना! आता किलोमागे सगळे वहीत लिहिते.

तरी खरा घोर उधारीचा. दुकानदार ‘पुढच्या सोमवारी या’ म्हणतात. असे आठ सोमवार जातात. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या सूक्ष्म उत्पादकाचे पैसे 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे असतात. पण भांडले तर फळीवरची जागाच जाते. उद्योजकता शिबिरांत पॅकिंग, ब्रँडिंग शिकवतात, वसुलीवर मात्र चकार शब्द नाही. बचत गटांनी निदान मालाबरोबर पक्के बिल द्यावे, त्यावर मुदत लिहावी.

– एक गृहउद्योजिका, नाशिक