कादंबरी वाचून झाल्यावर

पुणे

चि. सईस अनेक आशीर्वाद.

चारही कादंबऱ्यांवरची तुझी टिपणं मिळाली. तू आपणहून वाचायला लागलीस आणि वाचलेलं लिहून ठेवावंसं तुला वाटलं, याचा आम्हा दोघांना फार आनंद झाला. टिपणं सावकाश, दोनदा वाचली. प्रत्येकात दीड पान गोष्ट आणि शेवटी दोन ओळी मत, असं झालंय. गोष्ट पुस्तकात आहेच, ती केव्हाही सापडेल. वाचताना तुला कुठे काय वाटलं, ते मात्र तू लिहिलं नाहीस तर कुठेच राहणार नाही.

‘बनगरवाडी’बद्दल तू लिहिलंस, ‘ग्रामीण जीवनाचं हुबेहूब चित्रण, ओघवती भाषा.’ हे वाक्य उचलून दुसऱ्या कुठल्याही ग्रामीण कादंबरीच्या टिपणात ठेवलं तरी चालेल, म्हणजे ते या पुस्तकाबद्दल काहीच सांगत नाही. आता त्याच वाक्याच्या मागे जाऊ. हुबेहूब का वाटलं? सांगणारा मास्तर कोवळ्या वयाचा आहे आणि वाडीला परका आहे. मुलं मेंढरांमागे रानात, शाळेत बसायला कुणी नाही. त्याला जे हळूहळू कळतं तेच आपल्याला कळतं, म्हणून वाडी कुणी समजावून सांगितल्यासारखी वाटत नाही. पुढे गाव स्वतःच्या कष्टाने तालीम बांधतं, आणि त्यानंतर दुष्काळ येतो. तालीम आधी उभी राहिली नसती तर रिकामी होत जाणारी वाडी एवढी लागली असती का? असा एकच प्रश्न घेऊन आठ ओळी लिही. ते तुझं मत होईल.

‘कोसला’च्या टिपणात एक चूक आहे, ती पुष्कळांची होते. ‘इथे नेमाडे कंटाळलेले वाटतात’ असं तू म्हणतेस. कंटाळलाय तो पांडुरंग सांगवीकर, गोष्ट सांगणारा नायक. लेखकाचा जन्म १९३८चा, पुस्तक १९६३चं आणि पांडुरंगही पंचवीस वर्षांचाच, म्हणून हा घोटाळा होतो. टिपणात ‘लेखक म्हणतो’ असं लिहिण्याआधी दर वेळी बघ, वाक्य कुणाच्या तोंडी आहे. मग ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ हे शब्द एखाद्या पानावर किती वेळा येतात ते पेन्सिलीने मोज. धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूच्या भागातलं एक पान घेऊन तिथेही मोज, आणि दोन्ही पानं मोठ्याने वाच. वाक्यांची चाल बदललेली कानाला कळेल. आणखी एक राहिलंय. त्यातलं पुणं बाहेरगावाहून शिकायला आलेल्या मुलाचं आहे, वसतिगृहातलं. पेठेत वाढलेल्या तुला ते कुठे अनोळखी वाटलं, ते जरूर लिही. तसं टिपण पेठेत वाढलेला वाचकच लिहू शकेल.

आता वहीचं. दोनशे पानी एकरेघी वही घे. उजव्या पानावर पुस्तकाचं नाव, लेखक, पहिल्या प्रकाशनाचं वर्ष, हातातली आवृत्ती, वाचायला घेतल्याची आणि संपवल्याची तारीख. आवृत्ती बदलली की पृष्ठांक बदलतात, म्हणून पानाबरोबर प्रकरणही लिहायचं. डावं पान कोरं सोड.

ग्रंथालयाच्या पुस्तकात खुणा करायच्या नाहीत. पानाचा कोपराही दुमडायचा नाही, जुना कागद ठिसूळ असतो, दुमडलेला कोपरा तुटून हातात येतो. चिकट चिठ्ठ्याही नकोत, काढताना कागदाचा थर उचलला जातो. पाठकोऱ्या कागदाच्या बोटभर रुंदीच्या दहा पट्ट्या कापून ठेव. वाचताना थबकलीस की पट्टी सरकव आणि तिच्यावर पेन्सिलीने दोन शब्द लिही: ‘इथे राग’, ‘हे पटलं नाही’, ‘इथे कंटाळा’. कंटाळ्याच्या पट्ट्या काढून टाकू नकोस, बऱ्याचदा खरं मत त्यांच्यातूनच निघतं. दहा पट्ट्या शंभर पानांच्या आत संपल्या तर तू दिसेल ते खुणावते आहेस असं समज. पुस्तक संपलं की सगळ्या पट्ट्या क्रमाने बघायच्या आणि त्यातल्या तीन-चारच ठेवायच्या.

पहिलं टिपण त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी, वीस मिनिटांत. त्याआधी प्रस्तावना, मलपृष्ठ, कुणाचं परीक्षण, काहीही वाचू नकोस. वाचलंस की त्यांचे शब्द तुझ्या तोंडात येतात आणि ते आपलेच वाटायला लागतात. ‘ओघवती भाषा’ तिथूनच आली आहे.

पंधरा दिवसांनी पुस्तक न उघडता डाव्या पानावर लिही, काय आठवतंय? नावं विसरलीस तरी चालेल. एखादा प्रसंग, एखादं बोलणं डोळ्यांपुढे असेल तर पुस्तक तुझ्यात उरलंय. नुसता घटनाक्रम आठवत असेल तर तेही प्रामाणिकपणे लिही.

एकामागोमाग एक अशा चार कादंबऱ्या महिन्यात वाचल्यास, त्यात दोन गावाकडच्या लागोपाठ. म्हणूनच ‘बनगरवाडी’च्या टिपणात ‘धग’चा उन्हाळा शिरलाय. मध्ये तीन-चार दिवस जाऊ देत, किंवा मध्ये वेगळ्या जातीचं काही वाच. ‘रणांगण’ चालेल. १९३९चं, आकाराने लहान, बरंचसं बोटीवर घडणारं.

‘धग’ मात्र परत एकदा हातात घे. १९६०ची ती कादंबरी. निवेदन प्रमाण मराठीत आणि माणसांचं बोलणं वऱ्हाडीत. नायिकेचं, कौतिकचं बोलणं तुला ‘कळायला जड’ गेलं असं लिहिलंयस. पुण्यात बसून वाचणाऱ्याला ते जड जाईलही, पण तू आता अमरावतीत राहतेस, ती बोली भाजीबाजारात रोज तुझ्या कानावर पडते. पहिली वीस पानं, फक्त संवाद, मोठ्याने वाच. अडलेले शब्द घरमालकीण काकूंना विचार आणि त्यांनी सांगितलेला अर्थ त्यांच्याच शब्दांत वहीत उतरव. कौतिकवरचं नवं टिपण त्यानंतर पाठव, एक पानच, आणि त्यात गोष्ट सांगू नकोस.

आई तिळाची चटणी पाठवते आहे, त्याच डब्यात पट्ट्यांसाठी कागद घातलाय.

तुझे
बाबा